काचतंतूयुक्त वाहन-आवरणाचे कर्तन : साधननिवडीमागील शास्त्रीय विचार

प्रस्तावना

मोटारगाडीचे बाह्य आवरण म्हटले की पोलादी पत्राच डोळ्यांसमोर येतो. तथापि १९५३ मध्ये अमेरिकेत ‘कॉर्व्हेट’ ही काचतंतूयुक्त आवरणाची मोटार कारखान्यातून बाहेर पडली आणि भारतातही १९८० च्या दशकात बंगळूरच्या सिपानी कंपनीची ‘डॉल्फिन’ ही अशाच आवरणाची छोटी गाडी रस्त्यावर आली. व्यवहारात ज्यास आपण नुसते ‘फायबर’ म्हणतो, तो पदार्थ आज बंपर, मडगार्ड, बसचा दर्शनी भाग अशा अनेक ठिकाणी आढळतो. शिरपूरसारख्या तालुक्याच्या गावी २००१ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. इंदूरजवळच्या पीथमपूर येथे २००७ मध्ये सुरू झालेल्या ‘बाहा’सारख्या स्पर्धांमुळे स्वतः वाहन बांधण्याचा उत्साह विद्यार्थ्यांत वाढला आहे. मात्र महाविद्यालयीन कर्मशाळेतील बहुतांश हत्यारे लोखंड आणि लाकूड यांसाठी घेतलेली असतात. तीच हत्यारे काचतंतूवर चालविल्यास काय घडते आणि योग्य साधन कसे निवडावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

पदार्थाचे स्वरूप

काचतंतूंची चटई अथवा विणलेले कापड साच्यात पसरून त्यात पॉलिएस्टर रेझिन मुरविले जाते. साच्याला लागून असलेला गुळगुळीत, रंगीत थर जेलकोट होय. अशा रीतीने हा पदार्थ एकजिनसी नसून थरांचा बनलेला असतो. कर्तनाच्या दृष्टीने त्याचे तीन गुणधर्म महत्त्वाचे आहेत.

पहिला गुणधर्म घर्षकतेचा. मोह यांच्या काठिण्यश्रेणीत काच साधारण ५.५ ते ६.५ या दरम्यान येते. चांगल्या कानसेचे पोलादही जवळपास तितकेच कठीण असते. त्यामुळे हत्यार काचेस कापते, तसेच काचही हत्यारास झिजविते. साध्या पोलादी पात्याचे दात थोड्याच लांबीनंतर बोथट होतात.

दुसरा गुणधर्म उष्णतेचा. या पदार्थाची उष्णतावाहकता पोलादाच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी असते. कर्तनात निर्माण झालेली उष्णता पत्र्यात पसरत नाही, ती कडेशीच साठते. परिणामी रेझिन मऊ पडून हत्यारास चिकटते किंवा करपते.

तिसरा गुणधर्म थरांच्या जोडणीचा. तंतूंच्या दिशेने पदार्थ बळकट असला, तरी दोन थरांमध्ये केवळ रेझिनचाच आधार असतो. बोथट हत्यार तंतू कापण्याऐवजी उचलते व थर सुटतात. जाणारी भेग वरून दिसत नाही, पुढे पाणी व धक्के यांमुळे ती वाढत जाते.

साधनांची निवड

वरील विवेचनावरून असे दिसते की, येथे दात असलेल्या साधनापेक्षा कण असलेले साधन अधिक उपयुक्त ठरते. त्यातही कामाच्या स्वरूपानुसार निवड बदलते.

सरळ व लांब कापासाठी लहान अँगल ग्राइंडरवर बसणारी डायमंड चकती उत्तम. फरशी कापण्यासाठी हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या चकत्यांपैकी अखंड कडेची चकती घ्यावी, कारण खाचा असलेल्या चकतीने कड उसवते. १०० मिलिमीटर व्यासाची चकती मिनिटास ११,००० फेरे फिरल्यास तिच्या कडेचा वेग सेकंदास सुमारे ५८ मीटर होतो. म्हणून चकतीवर छापलेली वेगमर्यादा तपासणे अनिवार्य आहे. लाकूड कापण्याची दातेरी चकती ग्राइंडरवर कदापि बसवू नये. ती अडकताच यंत्र हातातून उसळते.

वक्र कापासाठी जिगसॉ घ्यावा. त्यास कार्बाइड अथवा डायमंड कणांचे पाते लावून गती कमी ठेवावी.

थोड्या कामासाठी हातातील हॅक्सॉ पुरेसा आहे. किमान तीन दात पत्र्याच्या जाडीत राहावेत, हा जुना नियम येथेही लागू पडतो. ३ मिलिमीटर जाडीत इंचास १८ दातांच्या पात्याचे दोनच दात बसतात, तर ३२ दातांच्या पात्याचे जवळपास चार. म्हणून बारीक दातांचे पाते घ्यावे.

छिद्रासाठी कार्बाइड टोकाचे ड्रिल वापरावे, मागे लाकडी फळी घट्ट धरावी आणि शेवटी दाब कमी करावा. ड्रिल बाहेर पडतानाच शेवटचे थर ढकलले जातात.

कोणत्या बाजूने कापावे, हा प्रश्न नेहमी उद्भवतो. दात ज्या पृष्ठभागातून बाहेर पडतो, तेथे टवके उडतात. सामान्य जिगसॉचे दात वर येताना कापतात, म्हणून जेलकोटची बाजू खाली ठेवावी. हॅक्सॉ पुढे ढकलताना कापतो, म्हणून जेलकोट आपल्याकडे असावा. कापाच्या रेषेवर चिकटपट्टी लावल्यास कड अधिक स्वच्छ येते.

वेळेची निवड

साच्यातून नव्याने भाग बनविताना यंत्राची गरजच टाळता येते. रेझिन घट्ट झाले, परंतु पूर्ण कडक झाले नाही, अशा अवस्थेत साच्याबाहेर आलेली कड धारदार सुरीने सहज कापली जाते व धूळ जवळजवळ उडत नाही. मात्र ही मुदत तापमानावर अवलंबून असते. तापमान दहा अंशांनी वाढल्यास रासायनिक क्रियेचा वेग अंदाजे दुप्पट होतो, असा ढोबळ नियम आहे. खानदेशात मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या पुढे जातो. अशा वेळी हे काम सकाळी लवकर करणे श्रेयस्कर.

धूळ व सुरक्षितता

साधन जितके वेगवान, तितकी धूळ सूक्ष्म. सलग काचतंतूंना आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने कर्करोगकारक ठरविलेले नाही. तथापि त्यांचे तुकडे त्वचा, डोळे व घसा यांस चुरचुर आणतात आणि रेझिनची बारीक धूळ फुप्फुसांत उतरते. नाकास बांधलेला रुमाल ही धूळ अडवीत नाही. एन-९५ प्रतीचा मुखवटा, बंद चष्मा, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि शोषणयंत्र आवश्यक आहे. कपड्यांवरील धूळ हवेच्या झोताने उडवू नये. पाणी टाकल्याने धूळ बसते. परंतु साध्या विजेच्या ग्राइंडरवर पाणी टाकणे प्राणघातक ठरू शकते. ओले कर्तन हातहत्याराने अथवा हवेवर चालणाऱ्या यंत्रानेच करावे.

निष्कर्ष

साधनाची निवड केवळ किमतीवरून किंवा वेगावरून करणे योग्य नव्हे. कापाचा आकार, पत्र्याची जाडी, रेझिनची अवस्था आणि धुळीचा बंदोबस्त या चार बाबी एकत्र विचारात घ्याव्यात. डायमंड चकती आणि कणांची पाती यांवर होणारा खर्च कर्मशाळेच्या आवाक्यातला आहे. मुखवटे व शोषणयंत्र यांची तरतूद मात्र खरेदीच्या यादीत अनेकदा शेवटी येते आणि तेथेच गळते. ती यादीच्या आरंभी येणे, हे विद्यार्थ्यांच्या हाती ग्राइंडर देणाऱ्या प्रत्येक शिक्षकाचे कर्तव्य आहे.