फलंदाजाकडे पाठ करून

बेसबॉलचा पिचर ज्या उंचवट्यावरून चेंडू टाकतो, तिथून फलंदाजापर्यंतचं अंतर असतं साडेसाठ फूट. क्रिकेटच्या दोन यष्ट्यांमधल्या अंतरापेक्षा साडेपाच फूट कमी. चेंडूला टप्पा नाही, तो थेट येतो. ताशी नव्वद मैलांनी आला तर फलंदाजाला अर्धा सेकंदही मिळत नाही. तेवढ्यात चेंडू वळणार की सरळ येणार, मारायचा की सोडायचा, हे ठरवायचं असतं. म्हणून फलंदाज पिचरच्या हाताकडे, चेंडू सुटतो त्या एका जागेकडे डोळे लावून बसतो.

सत्तरच्या दशकात बॉस्टन रेड सॉक्सच्या लुइस टियांटने नेमकी तीच जागा लपवून ठेवली होती. तो दोन्ही हात डोक्याच्या वर न्यायचा, थांबत-थांबत, हिसके देत खाली आणायचा आणि मग कमरेतून असा वळायचा की समोरच्या फलंदाजाला त्याच्या पाठीवरचा २३ हा आकडा दिसायचा. चेहरा पार मागे, सेंटर फील्डच्या दिशेला. मधेच मान वर आकाशाकडे. मग गर्रकन फिरून तो चेंडू सोडायचा, तोही कधी डोक्यावरून, कधी खांद्याच्या रेषेतून, कधी त्याहून खालून. वेगवान चेंडू, कर्व्ह, स्लायडर, मुद्दाम हळू टाकलेला चेंडू असं सगळं त्याच्याकडे होतं, आणि यातला प्रत्येक चेंडू तीन-चार निरनिराळ्या उंचींवरून आणि निरनिराळ्या लयीत येऊ शकायचा. बॉस्टनच्या फेनवे पार्कमधले प्रेक्षक ‘लू-ई, लू-ई’ असा घोष करायचे. पोट थोडं सुटलेलं, ओठांवर जाड झुपकेदार मिशी, तोंडात हवानाची सिगार. वरवर पाहणाऱ्याला ही सगळी करमणूक वाटायची. प्रत्यक्षात, वेग गमावलेल्या एका माणसाने डोकं लढवून उभं केलेलं ते दुसरं शस्त्र होतं.

त्याचा जन्म २३ नोव्हेंबर १९४०चा, हवानाला लागून असलेल्या मारियानावमधला. आईवडिलांचं एकुलतं एक लेकरू. वडील लुइस एलेउतेरियो टियांट हेही पिचरच. डावखुरे आणि अंगाने अगदी काटकुळे. अमेरिकेत मेजर लीगची दारं काळ्या खेळाडूंना बंद होती, म्हणून ते निग्रो लीगमध्ये न्यूयॉर्क क्युबन्सकडून खेळले. पहिल्या बेसवरच्या धावपटूला चकवण्यासाठी तिकडे चेंडू फेकण्यात ते इतके तरबेज होते की, एकदा फलंदाजाने त्या फेकीवरच बॅट फिरवली, अशी आख्यायिका आहे. १९४७ साली न्यूयॉर्क क्युबन्सने निग्रो वर्ल्ड सिरीज जिंकली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरला आणि मेजर लीगमधली वर्णभेदाची भिंत पडली. थोरल्या टियांटने तोवर चाळिशी गाठली होती. भिंत पडली, पण त्यांना तिचा काही उपयोग उरला नव्हता. पुढे ते हवानात पेट्रोल पंपावर काम करत. बेसबॉलने आपल्याला अपमान आणि हलाखीच दिली, आपल्या मुलाने या वाटेला जाऊ नये, असं त्यांना मनापासून वाटे. आईने त्यांची समजूत घातली म्हणून पोराला खेळता आलं.

१९५९ साली, म्हणजे कॅस्ट्रोची क्रांती झाली त्याच वर्षी, हा पोरगा मेक्सिको सिटी टायगर्सकडून खेळू लागला. मेजर लीगमधल्या क्लीव्हलँड संघाचा जुना मेक्सिकन खेळाडू बॉबी आविला याने त्याला हेरलं होतं. उन्हाळ्यात मेक्सिको, हिवाळ्यात घर असा क्रम होता. १९६१ हे वर्ष मात्र वेगळं निघालं. एप्रिलमध्ये बे ऑफ पिग्जची चढाई फसली, क्युबा आणि अमेरिकेचे संबंध पार तुटले. ऑगस्टमध्ये टियांटने मेक्सिकोत मारियाशी लग्न केलं. नव्या नवरीला घेऊन क्युबाला जायचा बेत होता. तेवढ्यात वडिलांचा निरोप आला की येऊ नकोस. इथे व्यावसायिक खेळ बंद होतोय, एकदा आलास की बाहेर पडणं जमायचं नाही. मुलाने ऐकलं. तिथून पुढे चौदा वर्षं त्याने वडिलांचं तोंड पाहिलं नाही.

क्युबन खेळाडूंच्या कहाण्यांमध्ये रात्रीचे तराफे आणि बोटी आपण पुढल्या काळात ऐकतो. टियांटच्या पिढीचं दुःख निराळं. ही मुलं पळून गेली नव्हती. ती कामासाठी बाहेर होती आणि मागे दार लागलं. मला हे जास्त क्रूर वाटतं. निरोप घ्यायचीसुद्धा संधी कोणाला मिळाली नाही.

क्लीव्हलँडने त्याचा करार विकत घेतला. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या छोट्या गावांत, जिथे गोऱ्या सहकाऱ्यांबरोबर त्याला जेवायला बसता येत नसे आणि इंग्रजीही धड येत नव्हतं, अशा ठिकाणी त्याने खालच्या लीगमध्ये दिवस काढले. १९६४मध्ये पोर्टलंडकडून १५ विजय आणि अवघा १ पराभव अशी कामगिरी केल्यावर वरून बोलावणं आलं. १९ जुलै १९६४, न्यूयॉर्क, समोर यांकीज आणि त्यांचा नामांकित पिचर व्हाइटी फोर्ड. टियांटने पहिल्याच सामन्यात यांकीजना एकही धाव करू दिली नाही. ३-० असा विजय, ११ स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद केलेले अकरा फलंदाज.

मग आलं १९६८. इथे एक हिशेब समजून घ्यायला हवा. पिचरची किंमत करताना त्याने दर नऊ डावांमागे किती धावा दिल्या याची सरासरी पाहतात. क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे गेलेल्या धावा त्यातून वगळतात. ही सरासरी तीनच्या आत असली तर पिचर उत्तम. टियांटची त्या वर्षी होती १.६०. मेजर लीगच्या दोन भागांपैकी एका, अमेरिकन लीगमध्ये १९१९च्या वॉल्टर जॉन्सननंतर कोणीही इतकी कमी राखली नव्हती. २१ विजय, ९ पराभव, ओळीने चार सामन्यांत प्रतिस्पर्ध्याला शून्यावर रोखणं, आणि ३ जुलैला मिनेसोटाविरुद्ध दहा डावांत १९ स्ट्राइकआउट. पाठ फिरवण्याची लकब त्याने याच हंगामात अंगी बाणवली. पण तेव्हा तिच्या जोडीला भन्नाट वेग होता.

त्या वर्षी सगळ्याच पिचरांनी फलंदाजांना इतकं हैराण केलं की बेसबॉलच्या कारभाऱ्यांनी नियमच बदलले. पिचरचा उंचवटा १५ इंचांवरून १० इंचांवर आणला, चेंडू ज्या चौकटीतून गेला तर स्ट्राइक धरतात तो स्ट्राइक झोन आक्रसला. १९६९मध्ये टियांट ९ सामने जिंकला आणि २० हरला. १२९ फलंदाजांना फुकट पहिल्या बेसवर जाऊ दिलं, ३७ होमरन खाल्ले. क्लीव्हलँडने त्याला मिनेसोटाला देऊन टाकलं. तिथे १९७०मध्ये पहिले सहा सामने जिंकल्यावर खांद्याच्या पात्याचं हाड मोडलं. १९७१च्या वसंतात मिनेसोटाने करार संपवला. अटलांटाने खालच्या संघात महिनाभर पाहून सोडून दिलं. मग बॉस्टनने त्याला आपल्या लुइव्हिलच्या संघात घेतलं आणि थोड्याच दिवसांत वर आणलं. तिथे पहिल्या हंगामात तो १ सामना जिंकला, ७ हरला. तीस वर्षांचा, मोडक्या खांद्याचा परदेशी पिचर. बहुतेकांच्या लेखी त्याचा खेळ आटोपला होता.

माझ्या मते टियांटची खरी थोरवी इथून सुरू होते. १९६८चा वेग परत येणार नव्हता. जे उरलं होतं ते त्याने शोधून काढलं: किती निरनिराळ्या जागांवरून चेंडू सोडता येतो, किती वेळ रोखून धरता येतो, फलंदाजाची लय कुठे मोडते. पाठ फिरवणं ही पूर्वी वेगाच्या जोडीची युक्ती होती, आता सगळी कला तिच्याभोवती उभी राहिली. १९७२मध्ये १५ विजय, ६ पराभव, सरासरी १.९१, लीगमध्ये सर्वांत कमी. दोन अगदी वेगळ्या हातांनी एकाच माणसाने दोनदा हे करून दाखवलं. १९७३ ते १९७६ या चार हंगामांत त्याने ८१ सामने जिंकले.

१९७५च्या मे महिन्यात अमेरिकन सिनेटर जॉर्ज मॅकगव्हर्न क्युबाला गेले. मॅसॅच्युसेट्सचे सिनेटर एडवर्ड ब्रुक यांचं कॅस्ट्रोला लिहिलेलं एक पत्र त्यांच्याजवळ होतं. टियांटच्या आईवडिलांना मुलाचा खेळ पाहायला अमेरिकेत येऊ द्यावं, एवढीच विनंती. कॅस्ट्रो स्वतः बेसबॉलचा वेडा. परवानगी मिळाली. २१ ऑगस्टला बॉस्टनच्या लोगन विमानतळावर बापलेक भेटले, आणि टियांट सगळ्यांदेखत ढसाढसा रडला.

पाच दिवसांनी फेनवे पार्कवर सामन्याचा पहिला, मानाचा चेंडू टाकायला थोरल्या टियांटना बोलावलं. एरवी पाहुणा हलकेच चेंडू टाकून हसत परततो. या म्हाताऱ्याने अंगातला कोट काढून मुलाच्या हातात दिला, उंचवट्यावर नीट पाय रोवले आणि जुन्या दिवसांसारखा पूर्ण हात फिरवून चेंडू टाकला. तो खाली राहिला. त्यांनी चेंडू परत मागवला आणि पुन्हा टाकला. या वेळी बरोबर पडला. मेजर लीगच्या सामन्यातली त्यांची एवढीच कारकीर्द.

ऑक्टोबरमध्ये बॉस्टन वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे दोन लीगच्या विजेत्यांमधल्या अंतिम मालिकेत पोहोचलं. समोर सिनसिनाटी रेड्स, त्या हंगामात १०८ सामने जिंकलेला संघ: पीट रोझ, जो मॉर्गन, जॉनी बेंच आणि क्युबाचाच टोनी पेरेझ. पहिल्या सामन्यात टियांटने त्यांना पाच हिटवर गुंडाळलं आणि शून्यावर बाद केलं, ६-०. चौथ्या डावात बेसवरच्या मॉर्गनकडे पाहत तो जे थांबत, हिसके देत होता, ते बेकायदा असल्याचा निर्णय पंचांनी दिला, तेव्हा तो चवताळून भांडला. अमेरिकन लीगमध्ये १९७३पासून पिचरला बॅट धरावी लागत नसे, वर्ल्ड सिरीजमध्ये मात्र धरावी लागली. सातव्या डावात त्याने हिट मारला, धडपडत धावत घर गाठलं, होम प्लेटला पायच लावला नाही आणि भान आल्यावर मागे फिरून तो लावला. सामन्यातली ती पहिली धाव.

चौथा सामना सिनसिनाटीला. त्या रात्री त्याच्याजवळ नेहमीची धार नव्हती, हे सगळ्यांना दिसत होतं. नवव्या डावात ५-४ अशी एका धावेची आघाडी, एक बाद, दोन धावपटू बेसवर. मॅनेजर डॅरेल जॉन्सन चालत उंचवट्यावर आले. आजच्या बेसबॉलमध्ये तिथेच पिचर बदलला असता. खरं तर त्याच्या कितीतरी आधीच. जॉन्सन एकटेच परत गेले. रेड्सच्या केन ग्रिफीने चेंडू खोल सेंटर फील्डला उंच मारला, बॉस्टनच्या फ्रेड लिनने पाठमोरं धावत तो झेलला. मग मॉर्गनचा चेंडू वर उडाला आणि पहिल्या बेसवर बॉस्टनच्याच यास्ट्रझेम्स्कीच्या हातात विसावला. टियांटने त्या सामन्यात १६३ चेंडू टाकले होते. आज शंभराच्या आसपास चेंडू झाले की पिचरला बसवतात. पेरेझला पहिल्या चार सामन्यांत एकही हिट मिळाला नव्हता. त्यातले दोन टियांटचे.

पावसाने लांबलेल्या सहाव्या सामन्यात तो पुन्हा उतरला, दमला, मार खाऊन बाहेर गेला. बाराव्या डावातल्या कार्लटन फिस्कच्या होमरनने तो सामना बॉस्टनने जिंकला. सातवा रेड्सनी ४-३ने घेतला. टियांटला वर्ल्ड सिरीजचं विजेतेपद कधीच मिळालं नाही.

आईवडील बॉस्टनलाच राहिले. डिसेंबर १९७६मध्ये वडील गेले आणि दोन-तीन दिवसांत आईही गेली. दोघांनाही मॅसॅच्युसेट्समध्येच पुरलं. तो यांकीज, पिट्सबर्ग, कॅलिफोर्निया असं करत १९८२पर्यंत खेळला. मायभूमीत पाऊल ठेवायला त्याला २००७ साल उजाडलं, ४६ वर्षांनी. त्या भेटीवर ‘द लॉस्ट सन ऑफ हवाना’ हा माहितीपट निघाला.

हिशेब असा: २२९ विजय, १७२ पराभव, सरासरी ३.३०, २,४१६ स्ट्राइकआउट, ४९ शटआउट, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला शून्यावर रोखलेले सामने. त्याचा समकालीन कॅटफिश हंटर २२४ विजय, १६६ पराभव, सरासरी ३.२६, २,०१२ स्ट्राइकआउट, ४२ शटआउट यांवर १९८७ साली बेसबॉलमधला सर्वोच्च मान असलेल्या हॉल ऑफ फेममध्ये गेला. पुढच्याच वर्षी टियांटचं नाव मतदानाला आलं. ७५ टक्के मतं लागतात, त्याला ३०.९ टक्के मिळाली. पुढे तीनशे विजयांचे मानकरी एकामागून एक यादीत येत गेले आणि त्याची मतं घटत गेली. हंटरच्या बाजूने बोलायचं तर त्याच्याकडे पाच विजेतेपदं होती आणि सलग पाच वर्षं वीसच्या वर विजय होते. पण विजेतेपद संघ मिळवतो. खेळाडूने संघाला किती जास्तीचे विजय मिळवून दिले, हे मोजणारा वॉर नावाचा आजचा निकष टियांटला साठच्या पुढे ठेवतो आणि हंटरला चाळिशीच्या आसपास.

मेल्यावर हा मान देऊन काय उपयोग, असं टियांट जिवंतपणी उघडपणे म्हणायचा. ८ ऑक्टोबर २०२४ रोजी वयाच्या ८३व्या वर्षी तो गेला. दोनच महिन्यांनी हॉलच्या सोळा जणांच्या समितीपुढे आठ नावं होती, त्यात त्याचंही होतं. डिक अॅलन आणि डेव्ह पार्कर निवडले गेले. लुइस टियांटला पाच मतंही पडली नाहीत. हा निकाल चुकीचा आहे.