इसबाचा पत्ता पेशींत आहे

इसबाच्या अभ्यासात दोन घराणी आहेत: एक रक्तजलाचं, दुसरं पेशींचं. मी दुसऱ्या घराण्यातला; दवाखान्यात चाळीस वर्षं काढल्यावर माझी ही निष्ठा अधिकच पक्की झाली आहे.

रक्तजलवाल्यांची वंशावळ भारदस्त आहे. १९२१ मध्ये जर्मन संशोधक प्राउसनिट्झने मासा न सोसणाऱ्या आपल्या सहकारी क्युस्टनरचं रक्तजल स्वतःच्या कातडीत टोचून घेतलं. दुसऱ्या दिवशी तिथेच माशाचा अर्क टोचला आणि गांध उठली. पुढे ॲलर्जीच्या आनुवंशिक कलासाठी ‘ॲटोपी’ हा शब्द आला, १९३३ मध्ये वाइज आणि सल्झबर्गर यांनी ‘ॲटोपिक डर्मटायटिस’ हे नाव दिलं, साठीच्या दशकात रक्तजलातलं आयजीई हे प्रतिपिंड सापडलं. पुष्कळांच्या लेखी प्रकरण तिथेच मिटलं.

मला १९४२ चा प्रयोग अधिक मोलाचा वाटतो. रक्तगटांचा शोध लावणारे लँडस्टायनर आणि त्यांचे सहकारी चेस यांनी एका गिनीपिगची संपर्काची ॲलर्जी दुसऱ्यात नेऊन दाखवली. रक्तजलाने ती जाईना. जिवंत पांढऱ्या पेशी दिल्या तेव्हा गेली. पाऊल लाख मोलाचं होतं, पण आमच्या विद्यार्थीदशेत त्याला पाठ्यपुस्तकात चार ओळींपलीकडे जागा नव्हती.

पेशींचं हे मोल मला गोंदिया जिल्ह्यातल्या प्रतापगडने शिकवलं. तिथे महाशिवरात्रीची मोठी यात्रा भरते. महादेवाचे आणि दर्ग्याचे, दोघांचेही भाविक येतात. एका यात्रेत आम्ही तपासणीचं टेबल मांडलं होतं. धानाची शेती करणारा एक पन्नाशीचा माणूस समोर बसला. चेहऱ्याची कातडी जाड, काळवंडलेली, कपाळावर आठ्यांचे वळ, पापण्या सुजलेल्या. हळूच म्हणाला, “मले महारोग त नाही झाला ना जी?” गावाने त्याला पंगतीतून उठवलं होतं. मी कातडीची संवेदना तपासली, नसा चाचपल्या. महारोग नव्हता. मानेच्या कोपऱ्यात आणि कोपरांच्या लवणीत तोच जाड, खाजरा इसब होता. मी विचारलं, “धुऱ्यावर काय उगवतं?” त्याने सांगितलं, गाजर गवत.

या गवताची गोष्ट पुण्यात सुरू झाली. १९५५-५६ च्या सुमारास ते तिथे नोंदलं गेलं आणि बघता बघता देशभर पसरलं. त्याच्यामुळे होणाऱ्या त्वचारोगावर पुण्याच्या डॉ. लोणकर यांनी मिचेल आणि कॅलनन यांच्यासह १९७४ मध्ये लिहिलं. महाराष्ट्राच्या वैद्यकाने जगाला दिलेल्या या कामाचा उल्लेख मराठीत माझ्या तरी वाचनात आला नाही, याची मला खंत आहे.

गवतातलं पार्थेनिन हे इवलंसं रसायन कातडीतल्या प्रथिनाला चिकटतं. लँगरहान्स पेशी ते उचलून लसिकाग्रंथीत नेतात. याच पेशी १८६८ मध्ये बर्लिनच्या एका विद्यार्थ्याला दिसल्या होत्या आणि त्याने त्यांना चेतापेशी मानलं होतं. ग्रंथीत टी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी त्या रसायनाची खूण घोकतात. पुन्हा गवताचा कण उडून कातडीवर पडला, की एक-दोन दिवसांत त्या पेशी तिथे गोळा होतात. इसब उठतो, तो असा. रक्तजलाची गांध पाव तासात उठते. पेशी सावकाश येतात आणि मुक्काम ठोकतात.

बाळपणीच्या ॲटोपिक इसबातही टीएच-२ या टी-पेशींचाच जोर असतो. त्यांचे इंटरल्यूकिन-४ आणि १३ हे संदेश कातडीची तटबंदी ढिली करतात, इंटरल्यूकिन-३१ खाज आणतो. ४ आणि १३ यांची वाट अडवणारं ड्युपिलुमॅब हे औषध २०१७ मध्ये आलं. कातडीची तटबंदीच मुळात कच्ची असते असं मानणारे २००६ च्या फिलाग्रिन जनुकातल्या बिघाडाच्या शोधाकडे बोट दाखवतात. शोध खरा आहे. पण विस्कॉट-ऑल्ड्रिच या जन्मजात विकारात यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपणानंतर इसब जातो. कातडी तीच राहते, पेशी बदलतात. याहून बोलका पुरावा मला ठाऊक नाही.

आणि आज काय चाललंय? खाज म्हटली की आयजीईची चिठ्ठी. चिखलात अनवाणी रोवणी करणाऱ्याच्या पोटात जंत असले तरी हा आकडा चढतो, आणि इसबाच्या कित्येक रुग्णांत तो साधाच असतो. मग औषधाच्या दुकानातून तीन औषधांचं मिश्र मलम. त्यातल्या स्टिरॉइडने कातडी पातळ होते, खाज परत येते. दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी या गवताच्या इसबात लसिकापेशींची वाढ आवरणारं ॲझाथायोप्रिन वापरून रोग आटोक्यात आणून दाखवला, स्टिरॉइडवरचा भार हलका केला. ते वाचायलाही कुणाला सवड नाही. पाठीवर पट्टी लावून पाहण्याची तपासणी तर तालुक्याच्या गावी दिसेनाशी झाली आहे.

यात्रेतल्या त्या माणसाची मी ती तपासणी केली होती. गवताच्या अर्काची पट्टी पाठीवर लावली, दोन दिवसांनी काढली, चौथ्या दिवशी पुन्हा पाहिलं. पट्टीच्या मापाएवढा लाल, फोडांचा चौकोन उठला होता. दोन आरसे धरून तो त्याला दाखवला. बराच वेळ तो बघत राहिला. सोबत आलेल्या भावाला म्हणाला, “पाह्य, गवत आहे हे.” तेवढ्यासाठी तो प्रतापगडहून तीनदा एसटीने आला होता. पंगतीत परत बसायला त्याला तो चौकोन पुरला.