दिमिष्काच्या वाटेवर घोडा नव्हताच!

ख्रिस्ती लोकांना पकडायला निघालेला शौल, म्हणजे पुढचा संत पौल, दिमिष्काच्या, म्हणजे आजच्या दमास्कसच्या वाटेवर प्रकाशाने दिपून घोड्यावरून कोसळला, हे चित्र मनात पक्कं बसलेलं असतं. पण बायबलच्या त्या प्रसंगात घोडा कुठेच नाही! तो चित्रकारांनी आणला. काराव्हाज्जोने १६०० च्या सुमारास रोमच्या सांता मारिया देल पोपोलो चर्चसाठी हा प्रसंग रंगवला, त्यात बहुतेक जागा घोड्यानेच व्यापली आहे.

त्या प्रसंगात धर्मांतर होताच शौलाचा पौल झाला, हेही खरं नाही. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात तो नंतरही शौलच राहतो. ‘पौल’ हे नाव येतं थेट १३व्या अध्यायात, सायप्रस बेटावर, तेही त्याचं दुसरं नाव म्हणून.

आता खरी गंमत. हेच पुस्तक ही हकिकत तीनदा सांगतं. ९व्या अध्यायात सोबती अवाक् उभे आहेत. त्यांना येशूची वाणी ऐकू येते, दिसत कोणी नाही. २२व्यात त्यांना प्रकाश दिसतो, वाणी मात्र ऐकू येत नाही. २६व्यात सगळेच जमिनीवर पडतात! आवाज कानी आला पण बोलणं उमगलं नाही, असा मेळ बरेच अभ्यासक घालतात. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे, की पौल कोणासमोर बोलतोय. २२व्यात, यरुशलेमच्या खवळलेल्या जमावापुढे, तो दिमिष्कात आपल्याला दृष्टी परत देणाऱ्या हनन्याची ओळख नियमशास्त्र पाळणारा सज्जन अशी करून देतो. २६व्यात, अग्रिप्पा राजापुढे, हनन्या गायब, प्रकाशाने आलेलं आंधळेपणही गायब. येशू वाटेवरच कामगिरी सोपवतो. तिथे येशू इब्री भाषेत बोलतो, पण त्याच्या तोंडची पराणीवर, म्हणजे बैल हाकायच्या टोकदार काठीवर, लाथ मारण्याची म्हण युरिपिडीसच्या ग्रीक नाटकातही सापडते.

सगळ्यात अवघड गाठ मात्र पौलाच्या स्वतःच्या पत्रात आहे. कृत्यांत तो दिमिष्काहून यरुशलेमला येतो आणि बर्णबा नावाचा शिष्य त्याला प्रेषितांकडे नेतो. गलतीकरांना पौल लिहितो, की तो आधी अरबस्तानात गेला, तीन वर्षांनी यरुशलेमला आला, केफाकडे, म्हणजे पेत्राकडे, १५ दिवस राहिला आणि प्रभूचा भाऊ याकोब सोडून दुसरा प्रेषित त्याने पाहिलाच नाही. वर खोटं बोलत नसल्याची देवासमोर ग्वाही! आपला संदेश माणसांकडून आलेला नाही, हे त्याला ठासून सांगायचं होतं. इथला फरक सहज मिटत नाही.

टोपलीवर मात्र एकमत: दिमिष्काच्या तटावरून तो टोपलीतूनच निसटला. पाळतीवर कोण? कृत्यांत यहुदी, पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात नबाती राजा अरीतासचा अधिकारी. हा राजा इ.स. ४० च्या सुमारास वारला, म्हणून पौलाच्या आयुष्याचा काळ ठरवायला ही टोपली मोलाची.

२५ जानेवारी हा या धर्मांतराचा सण. जुन्या गोव्यातलं सेंट पॉल कॉलेज याच पौलाच्या नावाचं होतं. भारतातला पहिला छापखाना १५५६ मध्ये तिथे आला.

मराठी बायबल हाताशी असेल तर आधी गलतीकरांस पत्राचा पहिला अध्याय वाचा, कृत्ये मग. पौलाचं म्हणणं पहिल्यांदा पौलाकडूनच ऐकायला हवं.