नैसर्गिक, फ्लॅट, एचडीआर की लॉग?

गोप्रोचा २०२३मध्ये आलेला हिरो १२ ब्लॅक उदाहरणादाखल घेऊ. 'व्हायब्रंट' रंग छोट्या पडद्यावर लगेच डोळ्यांत भरतात, पण पावसाळी हिरवळ त्यात भडक होते आणि चेहरे लालसर दिसतात. ट्रेकच्या चित्रीकरणासाठी 'नॅचरल' केव्हाही बरा. 'फ्लॅट'मध्ये चित्र फिकट उमटतं, रंग नंतर संगणकावर चढवावे लागतात.

खरी परीक्षा उन्हा-सावलीची. गुहेच्या तोंडाशी उभं राहून बाहेरची दरी टिपताना एक तर आकाश पांढरंफटक होतं, नाहीतर माणसं काळी पडतात. एचडीआर व्हिडिओ उजळ आणि गडद अशा दोन्ही भागांतला तपशील कॅमेऱ्यातच सावरतो. मात्र ही सोय ५.३केमध्ये सेकंदाला ३०, तर ४केमध्ये ६० फ्रेमपर्यंतच मिळते. संथ गतीची दृश्यं हवी असतील तर एचडीआर विसरावा.

'जीपी-लॉग' हा पर्याय नंतर रंग बदलण्याची सर्वाधिक मोकळीक देतो, पण तो संकलन शिकलेल्यांसाठी. सोबत १० बिट हवेच. ८ बिटमध्ये प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ छटा नोंदल्या जातात, १० बिटमध्ये १,०२४. छटा कमी पडल्या की रंग ताणताना निळ्या आभाळात पट्टे उमटतात, आणि ते घालवणं फार जिकिरीचं असतं. आयएसओची कमाल मर्यादा खाली ठेवा. सावल्या उजळताना दाणे कमी दिसतील. रंगसंस्करणाला वेळ नसेल, तर लॉगच्या वाटेला जाऊच नका.