इसार हातात आला म्हणजे कमाई झाली का?

मार्च महिना जवळ आला की परभणीच्या मोंढ्यापासून सेलू, मानवत, जिंतूरच्या बाजारापर्यंत एकच प्रश्न ऐकू येतो: यंदा धंदा किती झाला? कोणी गल्ल्यात आलेली रोकड सांगतो, कोणी उधारीची वही पुढे करतो, तर कोणी घेतलेल्या ऑर्डरीही त्यात मिळवतो. कोणीच खोटे बोलत नाही, तरी हिशेब जुळत नाही. कारण विक्री नेमकी कोणत्या दिवशी झाली असे धरायचे, हेच आपण ठरवलेले नसते.

समजा, एका फर्निचरवाल्या भावाने 10 मार्चला लग्नाच्या सामानाची 60,000 रुपयांची ऑर्डर घेतली आणि 20,000 रुपये इसार घेतला. सामान 15 एप्रिलला पोचवले. उरलेले 40,000 रुपये गिऱ्हाईक दिवाळीनंतर, कापूस विकून देणार आहे. मग 31 मार्चला या भावाची कमाई किती? बहुतेक जण म्हणतील, 20,000. कंपन्यांचा नियम म्हणतो, शून्य.

हा नियम नवा नाही. इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकाउंटंट्स ऑफ इंडिया या संस्थेने 1985 साली हिशेबाचे नववे मानक काढले. त्याचा सारांश असा: मालाची मालकी आणि त्याची जोखीम गिऱ्हाइकाकडे गेली पाहिजे, आणि पैसा वसूल होईल याची वाजवी खात्री पाहिजे. तेव्हाच विक्री जमा धरावी. शेअर बाजारातील व इतर मोठ्या कंपन्यांसाठी 1 एप्रिल 2018 पासून नवे मानक, क्रमांक 115, लागू झाले. त्यातही प्रश्न तोच: कबूल केलेला माल किंवा काम गिऱ्हाइकाच्या ताब्यात गेले का?

म्हणून वरच्या उदाहरणात मार्चअखेर 20,000 रुपये कमाई नसून देणे आहे. सामान दिले नाही तर ते परत करावे लागतील. ती एक प्रकारची अमानतच समजा. मार्चमध्ये आणलेले लाकूडही खर्चात न जाता शिल्लक मालात दिसेल. 15 एप्रिलला पूर्ण 60,000 रुपयांची विक्री जमा होईल आणि 40,000 रुपये उधारीत राहतील.

हा केवळ वहीचा खेळ नाही. इसाराला नफा समजून घरात खर्च केला, मग लाकूड आणायला पैसा उरला नाही, आणि एकाचा इसार घेऊन दुसऱ्याचे सामान पुरे करण्याची वेळ आली, असे कारागीर आम्ही पाहिले आहेत. कामाची कमी नसतानाही कारखाना बंद पडतो, तो अशाने.

आपल्या बाजारातील आणखी काही व्यवहार याच कसोटीवर पाहू.

जांगड माल: पसंत पडला तर ठेवा, नाही तर परत करा, असे म्हणून दिलेला माल म्हणजे विक्री नव्हे. गिऱ्हाइकाने पसंती कळवली किंवा परत करण्याची मुदत संपली, म्हणजे विक्री झाली.

अडत: शेतकऱ्याचा 1,00,000 रुपयांचा माल अडत्याच्या हातून विकला गेला, तरी अडत्याची कमाई तेवढी नाही. त्याची कमाई फक्त अडत.

बसवून देण्याचे काम: वेल्डिंगवाल्याने शटर दुकानापुढे नेऊन टाकले, पण बसवणे बाकी आहे, तर विक्री अजून पुरी झालेली नाही.

बुडीत उधारी: माल देतानाच वसुलीचा भरवसा नसेल तर कंपनी विक्री जमा धरणे पुढे ढकलते. शंका नंतर आली तर विक्री तशीच राहते आणि संशयित उधारीची तरतूद वेगळी दाखवली जाते.

या प्रश्नावर कापसाच्या धंद्यातलाच एक खटला गाजला. मुंबईच्या ई. डी. ससून कंपनीकडे गिरण्यांची मॅनेजिंग एजन्सी होती. वर्षभराच्या नफ्यावरचे कमिशन वर्ष संपल्यावर ठरत असे. 1943 मध्ये, वर्ष पुरे होण्याआधीच, ससूनने ही एजन्सी दुसऱ्यांच्या हवाली केली. काम केलेल्या महिन्यांचे कमिशन ससूनची कमाई धरायचे का? सर्वोच्च न्यायालयाने 1954 मध्ये बहुमताने सांगितले, नाही. मिळण्याचा हक्क निर्माण होतो तेव्हाच उत्पन्न होते. नुसत्या मेहनतीने नाही.

उलट टोकाचे उदाहरण हैदराबादच्या सत्यम कंपनीचे. 7 जानेवारी 2009 रोजी तिच्या अध्यक्षांनी पत्रानेच कबुली दिली की एका तिमाहीत 2,112 कोटी रुपयांच्या जागी 2,700 कोटींचे उत्पन्न दाखवले होते. जे झालेच नाही ते जमा धरले, की शेवट असा होतो.

छोट्या दुकानदाराला मोकळीक आहे. प्राप्तिकराच्या हिशेबासाठी तो रोख पद्धत धरू शकतो, म्हणजे पैसा आला तेव्हा उत्पन्न. मात्र रोख किंवा व्यापारी, यांपैकी एकच पद्धत कायम ठेवावी लागते. दोन्हींची खिचडी कर आकारणी वर्ष 1997-98 पासून बंद झाली. जीएसटीचा हिशेब तर आणखी वेगळा: सेवेच्या इसारावर तो लगेच लागतो, मालाच्या इसारावर, कंपोझिशन योजनेबाहेरील व्यापाऱ्यांना, 15 नोव्हेंबर 2017 पासून लागत नाही.

व्यापारी बांधवांनी इतके तरी करावे. वहीत इसाराचे पान वेगळे ठेवावे, जांगड मालाचे वेगळे आणि उधारीचे वेगळे. माल दिला त्या दिवशी तारीख घालून गिऱ्हाइकाची सही घ्यावी. ही तीन पाने नीट असली तर कर सल्लागारापुढे बसताना घाम फुटणार नाही, आणि गल्ल्यातली रक्कम किती आपली व किती दुसऱ्याची, हे खर्च करण्याआधीच कळेल.