हलता पुतळा किती खरा असावा?

गणेशोत्सवात गुंजवणे, वेल्हे, भोर या भागांतून पुण्याला देखावे बघायला येणाऱ्यांना एकाच रात्री दोन्ही प्रकार बघायला मिळतात. एका मंडपात हलता देखावा असतो. मोटार फिरते, पुतळ्याची तलवार वर जाते, खाली येते आणि संवाद ध्वनिवर्धकावरून ऐकू येतात. पुढच्या चौकात जिवंत देखावा असतो, तिथे मंडळाचे कार्यकर्तेच मावळे झालेले असतात. पहिल्यात सगळं यांत्रिक, दुसऱ्यात सगळं खरं, आणि गर्दी दोन्हींना दाद देते. अडचण येते ती या दोहोंच्या मधल्या जागेत. थीम पार्कच्या राइडमधली ॲनिमेट्रॉनिक पात्रं, म्हणजे यंत्रावर हलणारे, बोलणारे, डोळे फिरवणारे पुतळे, नेमकी तिथेच उभी असतात.

या जागेचा नकाशा जपानी रोबोशास्त्रज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७० साली एका लेखात मांडला. यंत्र जसजसं माणसासारखं दिसू लागतं, तसतशी आपली जवळीक वाढत जाते. साम्य जवळजवळ पूर्ण झालं, की ती एकदम कोसळते आणि तिच्या जागी शिसारी येते. या घसरणीला ‘अनकॅनी व्हॅली’ म्हणतात. मोरींचं पुढचं निरीक्षण राइड बनवणाऱ्यांसाठी जास्त मोलाचं आहे. हालचाल आली की ही दरी अधिक खोल होते. कोल्हापूरजवळच्या कणेरी मठातले बलुतेदारांचे पुतळे हुबेहूब आहेत, तरी त्यांची भीती वाटत नाही, कारण ते स्थिर आहेत. त्यांतल्याच एखाद्याने यंत्रासारखी मान वळवली, तर बघणारा दचकेल.

असं का होतं, याचा एक धागा मेंदूच्या अभ्यासातून हाती लागला. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या आयशे पिनार सायगिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगात सहभागी झालेल्यांना तीन प्रकारच्या चित्रफिती दाखवल्या. एकीत खरी स्त्री होती, दुसरीत तिच्यासारखा दिसणारा ‘रेप्ली क्यू-२’ हा जपानी रोबो आणि तिसरीत तोच रोबो, पण कातडी काढून धातू-तारा उघड्या ठेवलेला. तिघांच्या कृती सारख्याच होत्या. उघडा रोबो यंत्रासारखा दिसत होता आणि यंत्रासारखाच हलत होता, त्यामुळे मेंदूला त्यात विसंगती जाणवली नाही. कातडीवाला रोबो बघताना मात्र मेंदूच्या काही भागांचा प्रतिसाद ठळकपणे वेगळा होता. संशोधकांच्या मते, रूप माणसाचं आणि हालचाल यंत्राची, हा मेळ मेंदूला जुळवता येत नव्हता. म्हणजे केवळ खोटेपणा खुपत नाही. रूपाने दिलेलं वचन हालचालीने मोडलं, की तो खुपतो.

खरी हालचाल कशी असते? माणूस तांब्या उचलतो तेव्हा आधी नजर तांब्याकडे जाते आणि हात मागून येतो. हात सावकाश निघतो, मध्ये वेग घेतो, पोहोचताना मंदावतो. नजर वळताना पुष्कळदा पापणी लवते, आणि काहीच करत नसतानाही श्वासाने छाती हलत असते. मोटारीला जोडलेला साधा दांडा यातलं काही करत नाही. तो न थांबता तेच आवर्तन पुन्हा पुन्हा करत राहतो. डिस्नेच्या संशोधकांनी २०२० मध्ये कातडी नसलेला एक रोबो दाखवला. दात आणि बुबुळं उघडी, बाकी यंत्र. पण तो समोरच्याकडे बघतो, पापण्या लववतो, श्वास घेतल्यासारखा हलतो. चेहरा नसूनही त्याच्यात जीव वाटतो.

आपल्याकडे हे ज्ञान बाहुल्यांच्या खेळात आधीपासून आहे. शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांच्या हातातले अर्धवटराव उघडउघड बाहुला आहेत, पण मान आणि नजर ते अचूक क्षणी वळवतात. ‘झपाटलेला’ (१९९३) या चित्रपटातला तात्या विंचू हा बाहुला कुणालाही माणूस वाटला नाही, तरी एका पिढीला त्याने पुरतं घाबरवलं.

म्हणून किती खरं, हे पात्र बघून ठरवावं लागतं. खोपोलीजवळच्या इमॅजिकामध्ये राजासॉरसची राइड आहे. सुमारे साडेसहा-सात कोटी वर्षांपूर्वी आपल्या भूमीवर फिरलेला, नर्मदेच्या खोऱ्यातल्या जीवाश्मांवरून २००३ मध्ये नाव मिळालेला हा डायनोसॉर. तो जिवंत कुणीच पाहिलेला नाही. त्याची कातडी हवी तितकी खरी करा, तुलनेला मूळ नसल्यामुळे डोळा ती मान्य करतो.

माणसाचं पात्र अवघड, आणि पूज्य माणसाचं सगळ्यात अवघड. १९६४ च्या न्यूयॉर्क जागतिक मेळ्यात डिस्नेने खुर्चीवरून उठून भाषण करणारा अब्राहम लिंकन उभा केला. त्यासाठी लिंकनची छायाचित्रं होती, जिवंतपणी चेहऱ्यावरून घेतलेला साचाही होता. गुंजवण्यातून चोरदरवाजाच्या वाटेने राजगड चढणाऱ्याच्या मनातले शिवाजी महाराज वेगळे आहेत. त्यांची हाती असलेली काही समकालीन चित्रं बव्हंशी एका बाजूने काढलेली आहेत. वा. सी. बेंद्रे यांच्यासारख्या संशोधकाने अस्सल चित्र शोधायला कष्ट घेतले. पण त्वचेचा पोत, ओठांची हालचाल, आवाज यांचा पुरावा कुठेच नाही. तिथे सिलिकॉनच्या चेहऱ्यावर सुरकुती न् सुरकुती कोरणं म्हणजे अंदाजाला पुराव्याचा आव आणणं होय.

आग्र्याहून सुटून महाराज १६६६ मध्ये राजगडावर परतले, हा प्रसंग कुणी राइडमध्ये उभा केला, तर माझं मत स्पष्ट आहे. महाराज दुरून, मंद प्रकाशात, पाठमोरे किंवा बाजूने दिसावेत. त्यांना हालचाल थोडी असावी, पण अचूक असावी. खर्च घोडा, मशालवाला, गडाचा दरवाजा उघडणारा पहारेकरी यांच्या नजरेवर आणि वळण्यावर करावा. प्रवाशाची गाडी काही क्षणांतच पुढे सरकते. तेवढ्या वेळात त्वचेची छिद्रं कुणी बघत नाही, नजर कुठे वळली हे मात्र प्रत्येकाला कळतं. दमट हवेत, दिवसाकाठी शेकडो वेळा हलणारी पातळ कातडी ओठांपाशी फाटते, आणि फाटलेला हुबेहूब चेहरा साध्या बाहुल्यापेक्षा कितीतरी वाईट दिसतो.

मोरींनी त्या लेखातच रचनाकारांना सल्ला दिला होता: दरी ओलांडायच्या मोहात न पडता अलीकडच्या शिखरावर थांबा. राइडसाठी त्यात एवढीच भर घालावी लागेल, की त्या शिखरावर उभ्या केलेल्या पात्राची प्रत्येक हालचाल कारणासह व्हायला हवी. पैसा कातडीवर जाण्याआधी त्या कारणावर खर्च झाला, तर आपली पात्रं प्रेक्षकाला जिवंत वाटतील आणि इतिहासाशीही प्रामाणिक राहतील.