ऊसर जमिनीला साजेशी झाडे

गंगेच्या मैदानात उन्हाळ्याच्या दिवसांत मधून मधून पांढुरके, ओसाड माळ दृष्टीस पडतात. लांबून पाहणाऱ्यास तेथे कोणी चुना पसरला आहे की काय, असा भास होतो. या पांढऱ्या थरास उत्तरेत ‘रेह’ म्हणतात व अशा जमिनीस ‘ऊसर’. रेहमध्ये धुण्याच्या सोड्याचा अंश असल्यामुळे पूर्वी परीट ती गोळा करून कपडे धुण्यासाठी वापरीत. याच प्रकारचा दोष असलेल्या जमिनीला महाराष्ट्रातील शेतकरी ‘चोपण’ म्हणतात.

अशी जमीन पुष्कळदा गरीब व भूमिहीन कुटुंबांच्याच वाट्यास आली. तेथे घराच्या किंवा शाळेच्या आवारात पावसाळ्यात हौसेने लावलेली रोपे काही दिवस टवटवीत दिसतात आणि पुढचा ग्रीष्म येण्यापूर्वीच करपून जातात. दोष मात्र रोपांना, पाण्याला किंवा मुलांच्या हलगर्जीपणाला दिला जातो. वस्तुतः तो जमिनीच्या घडणीत असतो.

सुपीक जमिनीत मातीचे सूक्ष्म कण एकत्र येऊन त्यांचे रवे बनतात व त्यांच्यामधील पोकळ्यांतून हवा आणि पाणी खेळते. ऊसर जमिनीत या कणांना सोडियम चिकटलेला असतो. त्यामुळे ओल मिळताच कण विलग होतात व पोकळ्या बुजतात. पावसाचे पाणी वर तुंबून राहते आणि जमीन वाळली की दगडासारखी टणक होते. तिचा सामू ८.५ च्या वर, कधी कधी १० च्याही वर असतो. अशा स्थितीत लोह व जस्त ही द्रव्ये मातीत असूनही मुळांना घेता येत नाहीत व पाने पिवळी पडतात. शिवाय, अनेक ठिकाणी सुमारे एक मीटर खोलीवर चुनखडीच्या खड्यांचा, म्हणजे कंकराचा, कठीण थर असतो. तो मुळांची वाट अडवितो.

झाडे निवडण्यापूर्वी जमिनीची ओळख करून घेणे अगत्याचे आहे. काचेच्या पेल्यात थोडी माती ऊर्ध्वपातित पाण्यात ढवळून ठेवावी. पाणी बराच वेळ गढूळच राहिले, तर सोडियमचा संशय घ्यावा. त्या पाण्यात शाळेच्या प्रयोगशाळेतील फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब टाकल्यावर गुलाबी रंग आला, तर माती बरीच अल्कधर्मी आहे असे समजावे. नेमका सामू मृदापरीक्षण केंद्रातून मोजून घ्यावा.

आंबा, लिंबू आणि केळ यांना अशी जमीन मानवत नाही. बाभूळ, अर्जुन, करंज व सुरू हे वृक्ष मात्र तेथे तग धरतात. फळझाडांपैकी बोर, आवळा, करवंद आणि पेरू यांची निवड करावी. शोभेसाठी बोगनवेल व कण्हेर योग्य होत. परंतु कण्हेरीचे सर्व भाग विषारी असल्याने लहान मुलांच्या वावरात ती लावू नये. विलायती बाभूळ सर्वांत काटक खरी. पण ती भोवतालच्या जमिनीत झपाट्याने पसरते, म्हणून बागेत तिला थारा देऊ नये.

निवड योग्य असली तरी लागवडीची रीतही महत्त्वाची आहे. १९६९ साली स्थापन झालेल्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेने कर्नाल येथे यासाठी एक पद्धत सिद्ध केली. गिरमिटाने कंकराचा थर भेदून जाईल इतका, सुमारे दीड मीटर खोल व अरुंद खड्डा घेतात. तो मूळच्या मातीत ३ किलो जिप्सम आणि ८ किलो शेणखत मिसळून भरतात. जिप्सममधील कॅल्शियम सोडियमला मातीच्या कणांपासून दूर सारतो व विरघळलेला सोडियम पाण्याबरोबर खाली वाहून जातो. याप्रमाणे कोवळ्या मुळांना खालच्या ओलाव्यापर्यंत वाट मिळते.

एकदा झाड रुजले की पुढचे काम ते स्वतःच करू लागते. मुळांच्या श्वसनातून निघणारा कार्बन डायऑक्साइड ओलाव्यात मिसळून मातीतील चुनखडी हळूहळू विरघळवितो. त्यातून मोकळा झालेला कॅल्शियम सोडियमची जागा घेतो. गळलेल्या पानांचे खत होते व सावलीमुळे बाष्पीभवन कमी होऊन क्षार वर येण्याचे प्रमाण घटते. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पति उद्यानाने १९५० नंतरच्या दशकात कैलासनाथ कौल यांच्या नेतृत्वाखाली बंथरा येथे अशाच ऊसर भूमीवर वनस्पती वाढविण्याचे कार्य हाती घेतले. आज तेथे हिरवी झाडी उभी आहे.

मुळांची वाट अडविणाऱ्या चुनखडीतच जमिनीचे औषध दडलेले असते. ते बाहेर काढणारे झाड तेवढे तेथे जगले पाहिजे. म्हणून ज्या आवारात ऊसर माती आहे, तेथे आधी मातीला साजेसे झाड लावावे. त्याच्या सावलीत माती सुधारली की काही वर्षांनी नाजूक झाडांचीही पाळी येईल.